अंक काढण्याआधी तासांचा हिशेब मांडा

पत्र: आम्ही तिघं मित्र. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, एकाचं सेलूत डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान, तिसरा पुण्यात आयटी कंपनीत. तिघांना कथेचं वेड. फक्त कथांचं, कुणाच्या दावणीला न बांधलेलं डिजिटल मासिक काढायचं ठरवलंय. येत्या दिवाळीला पहिला अंक, मग दर महिन्याला एक, प्रत्येकात 15 कथा. वर्षभरासाठी 40 हजार रुपये जमवलेत. नोंदणी लागते का? लेखकांना मानधन द्यावं का? पीडीएफ व्हॉट्सअॅपवर टाकली की पुरे ना? जुन्या लेखकांच्या कथा घेता येतील का? आणि पहिल्या अंकाचं प्रकाशन मोठ्या पाहुण्याच्या हस्ते करावं असं एकाचं म्हणणं आहे.
— तिघं, सेलू (जि. परभणी)

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

पैशाचा हिशेब तुम्ही केलाय, तासांचा केलेला नाही. असे अंक दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बसतात ते बहुधा तासांपायीच. म्हणून आधी तो मांडू.

आवाहन केलं की 60 कथा येतील असं धरा. सरासरी 3000 शब्दांची कथा नीट वाचायला 20 मिनिटं लागतात, म्हणजे एका वाचकाचे 20 तास. दोघांनी वाचायलाच हवी, म्हणजे 40. त्यातल्या डझनभर कथांचं दुसरं वाचन आणि चर्चा 8 तास. निवडलेल्या कथेचं संपादन, लेखकाशी बोलणं, त्याने दुरुस्त करून पाठवलेलं पुन्हा बघणं, हे कथेमागे 5 तास. प्रूफाच्या दोन फेऱ्या, त्याही कथेमागे 2 तास. अंक बांधणं आणि फोनांवर तपासणं 12 तास. पाच कथांचा अंक केला तर बेरीज 95 तासांची. पंधरा कथांचा केला तर निदान 165 तासांची. नोकरी-दुकान सांभाळून तुम्ही प्रत्येकी आठवड्याला 5 तास काढलेत, तर तिघांचे मिळून महिन्याला 65 होतात. म्हणजे पाच कथांच्या अंकालाच सहा आठवड्यांहून जास्त लागणार.

तेव्हा वर्षाला चार अंक, अंकात पाच कथा. नावापुढे ‘मासिक’ लिहू नका, ‘त्रैमासिक’ही नको. ‘अनियतकालिक’ हा आपल्याकडचा जुना आणि मानाचा शब्द आहे, तो लावा. तारखा मात्र आतल्या आत पक्क्या ठेवा: 27 फेब्रुवारी, 1 जून, 17 सप्टेंबर, 15 डिसेंबर. पहिली मराठी भाषा गौरव दिनाची, तिसरी मुक्तिसंग्राम दिनाची, म्हणून लोकांच्या ध्यानात राहतील. जूनच्या अंकाचं जड काम मास्तरांच्या मे महिन्याच्या सुट्टीत पडतं. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा आणि पेपर तपासणी असते, तेव्हा त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

दिवाळीला पहिला अंक हे तर मनातून काढूनच टाका. 1909 साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाची वर्षातली सगळ्यात चांगली कथा दिवाळीला जाते. जुलै-ऑगस्टपर्यंत ती कुठे ना कुठे देऊन झालेली असते. त्या काळात मागाल तर उरलंसुरलं मिळेल. शिवाय दिवाळीत वाचकापुढे दोन-चार जाडजूड अंक आधीच पडलेले असतात. आवाहन दिवाळी झाल्यावर करा, 31 डिसेंबरपर्यंत कथा घ्या आणि 27 फेब्रुवारीला अंक सोडा. एक पथ्य पाळा: पहिला अंक जाहीर कराल त्या दिवशी दुसऱ्या अंकाच्या निदान तीन कथा पक्क्या होऊन हातात असाव्यात.

आता 40 हजारांचं. मानधन द्याच. कथेला 1000 रुपये धरले तर चार अंकांचे 20 हजार. मुखपृष्ठाच्या चित्राला 1500, म्हणजे 6 हजार. बाहेरच्या प्रूफवाचकाला अंकामागे 1500, तेही 6 हजार. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आणि होस्टिंग (संकेतस्थळ ठेवायची जागा) मिळून ढोबळमानाने 5 हजार. हाताशी 3 हजार उरतात, ते अडीअडचणीला. हजार रुपये ही काही कथेची किंमत नव्हे, पण अंक निघाल्यापासून 15 दिवसांत न मागता खात्यावर आले तर लेखक पुढची कथा आधी तुम्हाला दाखवतो. डोमेन घेताना ते पुण्याच्या मित्राच्या कंपनीच्या ईमेलवर घेऊ नका. त्याने नोकरी बदलली की नूतनीकरणाची पत्रं त्या बंद ईमेलवर जातील, मुदत संपेल आणि पत्ता दुसराच कुणी घेऊन बसेल. अंकासाठी वेगळं ईमेल खातं उघडा, त्याचा पासवर्ड तिघांकडे असू द्या.

नोंदणीचं थोडक्यात. 1 मार्च 2024 पासून लागू झालेला नियतकालिक नोंदणीचा 2023 चा कायदा छापील नियतकालिकांसाठी आहे. तुम्ही फक्त कथा देणार, बातम्या नाहीत आणि छपाईही नाही, तेव्हा त्या वाटेला जायची गरज नाही. उद्या छापील अंक काढलात तर मात्र नोंदणी लागते का, ते आधी विचारून घ्या. आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक नवी दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून फुकट मिळतो. पहिला अंक संकेतस्थळावर दिसायला लागला की अर्ज करा. तो फक्त ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. कॉलेजांतली मंडळी त्याची चौकशी करतील, पण त्यांच्यासाठी कथा निवडू नका.

लेखकाशी करार लेखीच हवा, एका पानाचा का असेना. कॉपीराइट कायदा 1957, कलम 19 प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर हक्क भारतापुरताच मानतात. इंटरनेटवरचा अंक दुबईत आणि न्यू जर्सीतही उघडतो, म्हणून ‘जगभर’ हा शब्द आठवणीने घाला. मागायचं ते इतकंच: पहिल्यांदा प्रसिद्ध करण्याचा हक्क, त्यानंतर सहा महिने कथा दुसरीकडे न देण्याचं वचन, आणि जुन्या अंकांत ती कायम ठेवण्याची मुभा. सहा महिन्यांनंतर लेखक कथासंग्रहात घेईल, कुठेही देईल, त्याची मर्जी. ऑडिओ, सिनेमा, भाषांतर यांना हात लावू नका. ‘सर्व हक्क संपादकाधीन’ असं छापणारे अंक आजही निघतात. जाणता लेखक ते वाचूनच कथा परत घेतो आणि त्याचं चुकत नाही. करारात लेखकाकडूनही एक ओळ घ्या: कथा स्वतःची आहे, आधी कुठे आलेली नाही. फेसबुकवर टाकलेली कथा ‘आधी आलेली’ मानायची का, ते आवाहनातच लिहून टाका, म्हणजे नंतर वाद नको. आमच्या मते मानावी.

जुन्या कथांबाबत उत्तर सोपं आहे. लेखक वारल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क चालतो, मग कथा सगळ्यांची होते. तुमच्या परभणीचे बी. रघुनाथ 1953 मध्ये गेले. त्यांच्या हयातीत छापलेल्या कथा 1 जानेवारी 2014 पासून कुणालाही घेता येतात. अंकात पाचवी जागा अशा एखाद्या जुन्या कथेला दिलीत तर मानधनाचे हजार वाचतील आणि आजच्या पोरांना तो गद्याचा पोत कळेल. फक्त एक करा, अलीकडच्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा उचलू नका, त्यांचा हक्क वेगळा असतो. जुन्या प्रतीवरून मजकूर नव्याने टाईप करा. भाषांतरित कथेला मात्र मूळ लेखकाचीही परवानगी लागते, नुसती भाषांतरकाराची पुरत नाही.

आता ज्या कामात सगळ्यात जास्त माती होते ते: मजकूर.

तुमच्या डीटीपीवाल्या मित्राला श्रीलिपीचे जुने फॉन्ट आणि पानं लावायचा पेजमेकर हाताखालचे असणार. या कामात दोन्ही बाजूला ठेवा. पेजमेकरला युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) कळत नाही, आणि जुन्या फॉन्टातला मजकूर फोनवर गेला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कथा युनिकोडमध्येच मागवा, वर्ड किंवा गूगल डॉक्समध्ये. तरी अर्ध्या कथा श्रीलिपीत येतीलच. त्या कन्व्हर्टरमधून काढल्या की चुका ठरावीक जागी होतात, कारण जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप करतात आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. त्यामुळे ‘स्थिती’, ‘मूर्तिकार’, ‘कार्यकर्त्यांनी’ असे शब्द मोडतात, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर येतं. रूपांतर झाल्यावर ठिपक्यांचं वर्तुळ जिथे जिथे दिसतं ते शोधा, आणि शब्दाच्या शेवटी लटकलेला हलन्तही (अक्षराचा पाय मोडल्याची खूण) शोधा. निम्म्याहून जास्त चुका तिथेच सापडतील.

युनिकोडात आलेली कथाही निर्मळ नसते. ‘दुसऱ्या’च्या जागी ‘दुसर्या’ असतं. ‘ॲ’ हे एक अक्षर आहे, पण बरेच जण ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅ’ करतात. दिसायला सारखं, पण शोधायला गेलं की एक सापडतं नि दुसरं सापडत नाही. आणि सगळ्यात फसवा तो विसर्ग: ‘तो म्हणालाः’ असं संवादाच्या आधी अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टाकलेला असतो. हे सगळे बदल ‘शोधा आणि बदला’ने होतात, पण सरसकट नको, एकेक जागा बघून करा, नाहीतर ‘स्वतः’ आणि ‘कार्यालय’ही बिघडतील. त्यांची यादी करून ठेवा आणि प्रत्येक कथेवर आधी तीच चालवा, प्रूफवाचकाकडे कथा त्यानंतरच जाऊ द्या.

हाताने लिहिलेली कथा नाकारू नका. उदगीरच्या नाहीतर किनवटच्या एखाद्या ज्येष्ठाकडे टायपिंग येत नसेल, पण कथा असेल. 3000 शब्द टाईप करायला दुकानात अडीच तास जातील, ते हिशेबात धरा. बोलून टाईप करायच्या सोयीवर इथे विसंबू नका. ती विरामचिन्हं गाळते आणि बोली ऐकली की तिच्याजवळचा प्रमाण शब्द खुशाल बसवून देते.

बोलीचं आणखी थोडं, कारण मराठवाड्यातून अंक काढायचा तर ती तुमची ताकदही आहे आणि डोकेदुखीही. बाहेरचा प्रूफवाचक ‘काय करायलास’ला ‘काय करतोयस’ करून ठेवतो. एका भागातलं ‘करायलो’ आणि दुसऱ्या भागातलं ‘करूलालो’ यांत त्याला फरक दिसत नाही, दोन्ही चुकीची वाटतात. उपाय असा: कथा पक्की झाली की लेखकाकडून त्या कथेतल्या बोलीरूपांची वीसेक शब्दांची यादी घ्या आणि प्रुफासोबत जोडा. निवेदनाला साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 18 नियम, संवादाला लेखकाची यादी. मग तुम्ही बघायचं ते इतकंच की एकच पात्र एका पानावर ‘करायलो’ आणि दुसऱ्या पानावर ‘करूलालो’ म्हणत नाही ना. देगलूरच्या बाजूचं तेलुगू किंवा औराद-निलंग्याकडचं कानडी वाक्य आलं तर कंसात अर्थ घालू नका. संदर्भातून कळत नसेल तर लेखकाला वाक्य हलवायला सांगा.

नुसती पीडीएफ पुरत नाही. ए-फोर आकाराची तर मुळीच नको. फोनवर ती वाचायची म्हणजे दर ओळीला बोटाने ढकलायचं, आणि दुसऱ्या पानावर वाचक निघून जातो. तीन रूपं करा. पहिलं, प्रत्येक कथेचं स्वतंत्र वेबपान. दुसरं, ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाईल. तिसरं, फोनच्या पडद्याच्या आकाराची पीडीएफ, पान साधारण साडेचार बाय आठ इंच. मूळ प्रत युनिकोड वर्डमध्ये जपा. देवनागरी पीडीएफमधून मजकूर पुन्हा कॉपी करायला गेलात तर जोडाक्षरांचा चुरा हाती येतो.

वेबपानावर अक्षर 18 ते 20 पिक्सेल, ओळींमधलं अंतर दीडपटीहून थोडं जास्त, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना घासतात. मजकूर डावीकडून सरळ ठेवा. दोन्ही कडा जुळवल्या की अरुंद पडद्यावर शब्दांत खिंडारं पडतात. फॉन्ट मुक्त परवान्याचे घ्या: ‘मुक्ता’, ‘टिरो देवनागरी मराठी’, ‘नोटो सेरिफ देवनागरी’ हे फुकट आहेत आणि ईपबमध्ये घालताही येतात. दुकानातले विकतचे फॉन्ट घालायचे तर परवाना वाचा. आणि पुण्याच्या मित्राला सांगा, पानाची आणि ईपबची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवायला विसरू नको. ती हिंदी राहिली तर कित्येक फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. वाचकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

ईपब ‘सिजिल’मध्ये बांधा आणि ‘ईपबचेक’मधून तपासा, दोन्ही फुकट आहेत. चुका शून्य आल्याशिवाय फाईल सोडू नका. मुखपृष्ठ 1600 बाय 2560 पिक्सेल. ते अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा, अंकाचं नाव वाचता आलं तर ठीक. अख्खा अंक 2 एमबीच्या आत ठेवा. सेलूच्या बाजारात नेट चालतं, शेतात एकच कांडी असते.

वेबपत्ता रोमन अक्षरांत आणि छोटा ठेवा. कथेचं देवनागरी नाव पत्त्यात घातलं की लिंक पाठवताना तिची टक्क्याच्या चिन्हांची हातभर माळ होते आणि लोकांना ती फसवी वाटते. व्हॉट्सअॅपवर कथा पुढे जाताना लेखकाचं नाव गळून पडतं, हा नेहमीचा रोग. म्हणून कथेच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे लेखकाचं नाव आणि अंकाचा पत्ता मजकुरातच लिहा. पीडीएफच्या प्रत्येक पानाच्या तळाशीही. वाचकांसाठी ग्रुप काढू नका, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि आठ दिवसांत तिथे गुड मॉर्निंग सुरू होतं. चॅनेल काढा. ब्रॉडकास्ट यादीत 256 जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो.

सोबत ईमेलची यादी पहिल्या दिवसापासून जमवा. अमेझॉनने 2023 मध्ये किंडलवरची मासिकांची वर्गणी बंद केली, तेव्हा इंग्रजीतल्या विज्ञानकथांच्या मासिकांचे त्या वाटेने आलेले वर्गणीदार एका झटक्यात तुटले. त्यांचे पत्ते मासिकांकडे नव्हतेच. त्यातल्याच ‘क्लार्क्सवर्ल्ड’ने त्या वर्षी फेब्रुवारीत कथा घेणंही काही काळ थांबवलं होतं, यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा लोंढा आला म्हणून. तुमच्याकडेही तशा येतील. नियमात स्पष्ट लिहा, आणि शंका आली तर लेखकाला फोन करून कथेतल्या एखाद्या प्रसंगाबद्दल विचारा. ज्याने लिहिलीय तो पाच मिनिटं न थांबता बोलतो.

पहिलं वर्ष अंक फुकट द्या, शेवटच्या पानावर यूपीआयचा क्यूआर ठेवा. जाहिरात घ्यायची तर लातूरच्या एखाद्या क्लासची चालेल. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा नकोत, एकदा घेतल्या की दुसऱ्या पुढाऱ्याला नाही म्हणता येत नाही.

राहिला नकार. तालुक्याच्या गावात ज्याची कथा परत पाठवाल तो संध्याकाळी चहाच्या टपरीवर भेटणार. म्हणून ईमेल एकानेच उघडायची, नाव काढून कथेला क्रमांक द्यायचा आणि उरलेल्या दोघांनी क्रमांकावरून वाचायची. हे काम पुण्याच्या मित्राकडे द्या, तो टपरीवर नसतो. उत्तर 45 दिवसांत, आणि इतकंच: ‘आपली कथा आम्ही दोघांनी वाचली. या अंकासाठी ती घेत नाही. आपण ती दुसरीकडे जरूर पाठवू शकता.’ चुका दाखवत बसू नका, त्यावर चार पानी उत्तर येतं. शेवटच्या डझनात आलेल्या लेखकाला मात्र एक नेमकं वाक्य लिहा, कथा कुठे सैल पडली ते. दोघांचं मत फाटलं तर तिसऱ्याने वाचायचं, आणि त्याचा शब्द अखेरचा. भिडेखातर घेतलेली एक कथा अंकात ओळखू येते, आणि पुढच्या वेळी तसल्याच दहा येतात.

पाहुण्याचं म्हणाल तर हॉल, हार, शाल, श्रीफळ, गाडीभाडं यात दहा-बारा हजार सहज जातात. म्हणजे दहा-बारा कथांचं मानधन. त्यापेक्षा 200 रुपयांत तुमच्याच दुकानातून ए-थ्रीची वीस पोस्टरं काढा. वर पहिल्या कथेच्या पहिल्या चार ओळी, खाली क्यूआर. सेलू, परभणी, जिंतूर, मानवत इथली वाचनालयं, कॉलेजांचे फलक आणि बसस्थानकाजवळचे पेपरवाले यांना विचारून लावा. क्यूआरची बाजू निदान दोन इंच ठेवा, भोवती पांढरी मोकळी जागा सोडा. एक प्रत काढून तीन वेगवेगळ्या फोनांवर, त्यातला एक जुना आणि काच फुटलेला, स्कॅन करून बघा. मग उरलेली एकोणीस काढा.